एकेचाळिसावा माणूस

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात माइकचं इवलंसं चित्र होतं आणि त्याच्यावरून एक लाल तिरपी रेघ गेली होती. प्रेरणा भोयरला ती दिसली तेव्हा तिचं बोलून झालं होतं. चाळीस मिनिटं ती बोलली होती. घसा कोरडा पडला म्हणून तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि ग्लासाच्या कडेवरून नजर खाली गेली तर ही रेघ. पहिल्यांदा तिला वाटलं, वेळ संपली म्हणून आत्ताच कोणीतरी आपला आवाज बंद केला असेल. मग सुरुवात आठवली. संयोजक प्राध्यापक गजेंद्र तिचा परिचय वाचत होते, तेवढ्यात खाली कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली, आणि ते गाणं देशभरातल्या विद्वानांच्या कानी जाऊ नये म्हणून तिनेच ते बटण दाबलं होतं. दाबलं आणि विसरली. गाडी निघून गेली, वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पुन्हा शांत झालं, आणि त्या शांततेत ती चाळीस मिनिटं हातवारे करून, समजावून सांगून, एकदा हसून आणि शेवटी तर डोळे पुसून बोलत राहिली. ऐकायला कोणी नव्हतं. भिंतीवरच्या पालीने ऐकलं असेल तर तेवढंच.

तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो थांबा, पण बटणाकडे बोट जाण्याआधीच गजेंद्र सर पडद्यावर प्रकटले आणि म्हणाले, "अतिशय अभ्यासपूर्ण आणि ओघवत्या शैलीत मॅडमनी विषयाची मांडणी केली." आभार आदल्या दिवशीच लिहून ठेवलेले असतात, त्यात बिचाऱ्याचा काय दोष. सुरुवातीच्या पाच मिनिटांत त्यांनी तिच्या मोबाइलवर दोन फोन केले होते, पण 'वक्त्यांनी आपापले मोबाइल मूक ठेवावेत' ही सूचनाही त्यांचीच. मग ते बहुधा जेवायला उठले. बाजूच्या रकान्यात लोकांनी चार वेळा 'आवाज येत नाही' असं लिहिलं होतं. तो रकाना तिने लक्ष विचलित नको म्हणून झाकून ठेवला होता. त्या चारांनंतर कोणी तक्रार केली नव्हती. त्यानंतर एकच प्रश्न ओळीने छप्पन्न वेळा आला होता, प्रमाणपत्राची लिंक कधी मिळणार. तिनेही हात जोडले, हसली आणि बाहेर पडली. आपण का बोललो नाही, हे तिला कळलं नाही. लाज वाटली असावी. भर सभेत साडीची नीट खोचलेली निरी सुटावी आणि सगळ्यांनी ते न दिसल्यासारखं करावं, तशी ती लाज होती.

दुपारी एक वाजता गजेंद्र सरांनी मोठ्या कौतुकाने अभिप्रायांची यादी पाठवली. अभिप्राय भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही, त्यामुळे दोनशे बारा जणांनी तो भरला होता. 'वक्त्याचा आवाज' या प्रश्नापुढे एकशे सत्त्याऐंशी जणांनी 'उत्तम' निवडलं होतं. 'खूप छान', 'प्रेरणादायी', 'काळाची गरज', 'असेच कार्यक्रम घेत जावे'. प्रेरणा हसली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्याने हसतो आहोत, आणि तिने आपोआप दाराकडे पाहिलं. दाराला आतून कडी होती. बाहेरून पिशवी अडकवायला एक खिळा होता. टाळेबंदीत पहिल्यांदा त्या खिळ्याला दुधाची पिशवी अडकायला लागली आणि दूधवाल्याचं तोंड दिसणं बंद झालं, तेव्हापासून घरात माणसाचा आवाज येतो तो एक तर लॅपटॉपमधून किंवा शेजारच्या भिंतीतून. मे महिन्यात एकदा भाजीवाल्याने "बाई, किती देऊ?" विचारलं आणि तिने "पाव" म्हटलं, तर घशातून आवाजच फुटला नाही. दोन दिवस ती कोणाशीच बोलली नव्हती, हे तिला तेव्हा कळलं. आता जानेवारी आला होता, संक्रांत होऊन गेली होती, लोक तोंडावरची पट्टी हनुवटीवर ओढून हिंडू लागले होते. ती मात्र अजून त्याच खुर्चीत बसली होती.

विषय काय होता, तर आवाजाचाच. पुलगावच्या गिरणीत मागखात्यात शेकडो माग एका वेळी चालत. त्या खडखडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथले कामगार ओठ आणि हात यांनी बोलत. आवाज न काढता ओठ रुंद रुंद हलवायचे आणि जोडीला हाताची खूण. धागा तुटला, जॉबर म्हणजे मुकादम आला, पाणी प्यायला चाललो, माझ्या मागाकडे लक्ष ठेव. गिरणी बंद पडून जमाना झाला, कामगार म्हातारे झाले, कान तर सगळ्यांचेच गेले, पण हात जिवंत होते. प्रेरणा वर्ध्याच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही, त्यामुळे सुट्टीचा दिवस आपला होता, आणि तो तिने या हातांना दिला. चाळीस माणसं गाठली. पहिल्या सत्तावीस जणांना प्रत्यक्ष भेटली. त्यातही एक गोष्ट ती ठेच लागून शिकली. ओसरीवर चहा घेत 'काका, ती खूण दाखवा' म्हटलं की माणूस ओशाळायचा, हात मांडीवर पडून राहायचे. शांततेत ते हात चालतच नव्हते. मग तिने युक्ती काढली. दोघा म्हाताऱ्यांना घेऊन सरळ पिठाच्या चक्कीवर जायचं, चक्की सुरू करायला लावायची, आणि एकाला या दाराशी, दुसऱ्याला त्या पोत्यांपाशी उभं करायचं. पट्ट्याचा आवाज चढला की दोघांच्या पाठी ताठ व्हायच्या आणि हात आपसूक वर यायचे. चक्कीवाला म्हणायचा, बाई, तुमच्या अभ्यासापायी माझी वीज जळते.

मग मार्चमध्ये सगळं बंद झालं आणि तेरा माणसं राहिली. फोनवर त्यांना काही ऐकू येत नव्हतं. नाती, पुतणे, सुना यांच्या मोबाइलवर त्यांना समोर बसवायचं ठरलं, तर नेट तुटायचं, आवाज घरघरायचा, म्हातारे "हलो, हलो" करून दमायचे. एके दिवशी पुलगावच्या नत्थूजींनी, यादीतले ते अठ्ठाविसावे, वैतागून आपल्या नातीला, काजलला सांगितलं, "आवाज बंद कर त्याचा. निरा कटकट हाये." आणि आवाज बंद झाला, आणि त्या तळहाताएवढ्या काचेत नत्थूजींचा चेहरा एकदम तरुण झाला. ओठ रुंद झाले, हात उठले. चक्की लागली नाही, काही लागलं नाही. त्या दिवसापासून प्रेरणाने उरलेल्या सगळ्यांशी आवाज बंद करूनच बोलणं केलं. महामारीत सगळ्या जगाचं अडलं आणि हिचं तेवढं सुरळीत झालं. ही गोष्ट सांगायलाच तर गजेंद्र सरांनी तिला बोलावलं होतं.

पण शेवटची पाच मिनिटं तिने वेगळंच सांगितलं होतं. तेच आता तिला टोचत होतं. निबंध वाचून संपला, निष्कर्ष झाला, 'ही भाषा फक्त कामापुरती होती, माणसांच्या खाजगी जगाला तीत जागा नव्हती' हे वाक्यही झालं. आणि मग कागद बाजूला ठेवून ती वऱ्हाडीत बोलायला लागली होती. तिला वाटलं होतं, दोनशे माणसं ऐकताहेत, एकदा बोलून टाकावं. माया बाप त्याच गिरणीत होता. अण्णाजी भोयर. रोहणा गावची शेती भावांवर सोडून मागावर आला, अठ्ठावीस वर्षं उभा राह्यला. चाळीस माणसाईले मी पुसलं, बापाले नाई पुसलं. तो घरचाच होता ना. म्हणलं, शेवटी पुसू. अन् तो सप्टेंबरात गेला.

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. भाऊ धर्मेंद्रलाही नाही. बाबा पुलगावला धर्मेंद्रकडे राहत, पिपरी मेघेपासून रस्त्याने पाऊण तास, आणि जून-जुलैत जाता आलं असतं. आपल्यामुळे त्यांना काही होऊ नये म्हणून गेलो नाही, असं ती स्वतःला सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं असं होतं की बाबांसमोर वही उघडून बसायची तिला भीती वाटत होती. घरात बाबा बोलतच नसत. लहानपणापासून तिने त्यांना पाहिलं ते जेवताना, झोपताना आणि सायकल पुसताना. ऐकू कमी यायचं म्हणून बोललेच तर ओरडून बोलायचे, आणि कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींसमोर तिला त्याची लाज वाटायची. या माणसाला विचारायचं आणि त्याने काहीच सांगितलं नाही तर? चाळीस परके हात आपल्यासाठी हलले आणि बापाचे मांडीवर पडून राहिले तर? जुलैत एकदा धर्मेंद्रच्या मोबाइलवर तिने त्यांना समोर घेतलं होतं. ते तिच्याकडे बघेचनात. कोपऱ्यातल्या चौकटीत स्वतःचा चेहरा दिसला, तर दोन बोटांनी टोपी सारखी करत बसले. पुन्हा सारखी, पुन्हा सारखी. तिने हाताने खूण केली, ओठ रुंद करून म्हटलं, "बाबा, तुमचं शेवटी घेऊ." त्यांनी मान हलवली. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या सुटल्यासारखं वाटण्याची शिक्षा ती चार महिने भोगत होती.

म्हणून आज ती बोलली. आणि लाल रेघेने ते सगळं खोलीतच ठेवलं. पुन्हा कधी असं बोलवेल, असं तिला वाटेना. असली गोष्ट एकदाच तोंडातून निघते. दुपारभर ती नुसती बसून होती. समोर धर्मेंद्रने पाठवलेली संत्री होती, त्यातलं एक सोलून ठेवलं आणि खाल्लं नाही. तिला फार एकटं वाटलं. रडूही येत नव्हतं. आपण बापाची क्षमा मागितली आणि एकशे सत्त्याऐंशी जण 'आवाज उत्तम' म्हणाले, याच्यावर रडावं तरी कसं?

चारच्या सुमाराला काजलचा, नत्थूजींच्या नातीचा, व्हिडिओ कॉल आला. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाची पोरगी, सकाळच्या कार्यक्रमात प्रमाणपत्रासाठी तीही असणार. प्रेरणाला उचलावंसं वाटेना. पण वाजतच राहिला.

"मॅडम, सॉरी," काजल म्हणाली, "आबा सकाळपासून मांगं लागले हाये, मॅडमले फोन लाव, फोन लाव. तुमचा कार्यक्रम पाह्यला त्यायनं. मी लिंक उघडून सैपाकाले गेलती, तं मोबाइल त्यायच्याच हातात होता."

मोबाइल हलला, छत दिसलं, वाळत घातलेली चादर दिसली, मग नत्थूजींचा चेहरा जवळ आला. कानात लोकरीच्या टोपीची टोकं खोचलेली.

"पोरी," ते ओरडून म्हणाले, "तुया आवाज बंद होता. ते लाल रेघ दिसत होती."

"हो काकाजी," ती म्हणाली. "मले मंग समजलं."

"मले तं वाटलं, तू जानूनच बंद ठेवला. आपल्या खात्याचा कार्यक्रम हाये म्हणून." ते खूश होऊन हसले. "आधी तू ते शुद्ध बोलून राह्यली होती ना, ते काई समजलं नाई. ते ओठ आपले नाई. मधामधात फोटोही थांबे. पण आखरीले तू आपलं बोलाले लागली, तवा बराबर दिसलं." पुढचं त्यांनी हळू आवाजात म्हटलं, म्हणजे इतर माणसं बोलतात तेवढ्या आवाजात. "बापाचं बोलली तू. पुसायचं राहून गेलं म्हणली."

प्रेरणाने मोबाइल चेहऱ्याजवळ आणला. दोनशे बारा माणसांत एकाने ऐकलं होतं, आणि तो बहिरा होता. दुपारभर न आलेलं रडू आता आलं, आणि तिने ते आवरलंही नाही.

"रडू नको," नत्थूजी म्हणाले. "ऐक. तुया बाप माया घरी आलता. पोळ्याच्या आधी. चार-पाच दिवस रोज आला. तोंडाले पट्टी बांधून, ओट्याच्या त्या टोकाले बसे अन् मी या टोकाले. म्हणे, नत्थू, माया हात इसरून राह्यला, जरा याद करून दे. पोरगी मले पुसणार हाये, चुकलो नाई पाह्यजे. मी म्हणलं, अरे, सगळ्या बंद्यायचं झालं, तुयं काऊन राह्यलं? तं म्हणे, मले तिनं आखरीले ठेवलं. सभेत अध्यक्ष आखरीलेच बोलते ना."

खाली रस्त्यावरून कोणी हॉर्न वाजवत गेलं. प्रेरणाला जुलैतली ती मान हलवणं आठवलं. ती टाळत होती आणि ते तयारी करत होते. सहावीत भूगोलाच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती अशीच नद्यांची नावं घोकत अंगणात फेऱ्या मारायची, आणि बाबा सायकल पुसत तिच्याकडे बघत असायचे. या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर आपल्या पेपरासाठी घोकलं होतं, आणि आपण पेपरच घेतला नाही.

"तुये सवाल मले मालूम होते. मी त्याले रोज पुसे अन् तो सांगे," नत्थूजी म्हणाले. "मले त्याचे बंदे जबाब पाठ हायेत. कागद घे. पुस."

"काकाजी, तसं नाई चालत," तिच्यातली संशोधक म्हणाली. एकाची मुलाखत दुसऱ्याकडून घ्यायची नसते, असा नियम ती मुलांना शिकवत आली होती.

"चालते," नत्थूजी म्हणाले. "आवाज बंद कर."

तिने मुलाखतीचा कोरा तक्ता काढला. वर आकडा घातला, एकेचाळीस. मग मोबाइल संत्र्यांच्या टोपलीला टेकून उभा केला आणि त्या छोट्या चित्रावर बोट ठेवलं. लाल रेघ आली. ओठ रुंद करून तिने पहिला प्रश्न विचारला. नाव?

नत्थूजींनी पाठ ताठ केली, खांदे थोडे आत घेतले, आणि दोन बोटांनी कपाळावरची टोपी सारखी केली. त्यांची लोकरीची टोपी सारखी करण्यासारखी नव्हतीच. ते अण्णाजींची टोपी सारखी करत होते. खात्यात अण्णाजीला अशीच हाक मारत, हे सांगावं लागलं नाही. पण प्रेरणाचं पेन थांबलं. चाळीस माणसांना तिने धागा विचारला होता, जॉबर विचारला होता, पाणी विचारलं होतं. तुम्ही एकमेकांना हाक कशी मारायचे, हे एकालाही विचारलं नव्हतं. नाव म्हटलं की तोंडाने सांगायचं आणि तक्त्यात लिहायचं, एवढंच तिला ठाऊक. कामापुरती भाषा, असं ती सकाळी ठामपणे म्हणाली होती. बरं झालं, ते कोणी ऐकलं नाही.

दुसरा प्रश्न. घरी कोण कोण?

नत्थूजींनी कानाच्या पाळीला चिमटीत धरून फिरवलं. ही आई असणार, तिच्या कानातल्या बिऱ्या. मग हात गुडघ्याएवढा खाली नेला आणि गुडघा चोळला. धर्मेंद्र, तो लहानपणी सारखा पडायचा. मग त्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट कपाळाच्या मधोमध ठेवलं आणि सरळ खाली नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलं. एकदा. परत एकदा. आणि हसले. ते हसूही त्यांचं नव्हतं.

हे कोण? तिने ओठांनी विचारलं.

नत्थूजींनी बोट काचेकडे रोखलं. तिच्याकडे.

मग ते बोलले, कारण हे हाताने सांगण्याएवढं लहान नव्हतं. "दसऱ्याले गिरणीत मागाची पूजा राहे, लेकराबाळायले आत येऊ देत. तू सहा वर्षायची होती. बापानं तुया हातात कुंकू देल्लं, म्हणे मागाले लाव. तं तू मागाले नाई लावलं. बापाले लावलं. कपाळापासून थेट नाकावर. अख्खं खातं हासलं. त्यानं मंग दिवसभर पुसलं नाई ते. तवापासून तुयं नाव हे." बोट पुन्हा कपाळावरून नाकावर उतरलं. "मी चार माग सोडून उभा राहो. सकाळी भोंगा झाला का पुसो, हे कशी हाये? अन् तो सांगे. ताप आला. पहिला नंबर आला. कॉलेजात गेली. घरी मले बोलत नाई, पण लय हुशार हाये. तुयी बंदी हकिकत खात्याले मालूम होती, पोरी. तुले मालूम नव्हतं?"

तिला मालूम नव्हतं. दसरा तिला आठवत होता तो फक्त नव्या फ्रॉकचा. वर्षानुवर्षं, शेकडो मागांच्या खडखडाटात, दिवसातून कितीदा तरी तो अबोल माणूस बोट कपाळावरून नाकावर ओढत होता, आणि ते ज्यांनी पाहिलं त्यांच्यातल्या सत्तावीस जणांच्या घरी ती चहा पिऊन आली होती.

तक्त्यात 'कुटुंबातील व्यक्ती' असा एक रकाना होता. तिथे काय लिहायचं ते तिला सुचेना. तिने पेन खाली ठेवलं. उजव्या हाताचं बोट उचललं, कपाळावर ठेवलं आणि हळूहळू नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढलं. बोटाला संत्र्याचा वास येत होता.

तिकडे नत्थूजींनी मान डोलावली, पाठ पुन्हा ताठ केली, अण्णाजींची टोपी सारखी केली आणि तिसऱ्या प्रश्नाची वाट पाहत बसले.